प्रतिकारयंत्रणेमुळे पित्त अडतं, तर ती दाबून ते वाहतं का होत नाही?

प्रश्न : तासिका_डीएमएलटी

डीएमएलटीच्या (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञांच्या पदविकेच्या) वर्गात कोलेस्टॅसिस, म्हणजे पित्तप्रवाह अडणं, शिकवण्यासाठी दोन नमुना रिपोर्ट तयार केले आहेत. दोन्हींत सोनोग्राफी साफ आहे : खडा नाही, गाठ नाही, पित्तनलिका फुगलेल्या नाहीत.

रिपोर्ट क : न्यूमोनियामुळे आयसीयूत असलेला ६२ वर्षांचा पुरुष. एकूण बिलिरुबिन ७.८, त्यातलं डायरेक्ट (यकृतात ग्लुक्युरोनिक आम्ल जोडलेलं) ६.१ मिग्रॅ. एएलटी (यकृतपेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) ६४, एएलपी (पित्त अडलं की वाढणारं एन्झाइम) १८०.

रिपोर्ट ख : ४८ वर्षांची स्त्री, बरेच महिने अंगाला खाज. बिलिरुबिन ०.९, एएलटी ५८, एएलपी ४२०, जीजीटी (यकृत-पित्तनलिकांचंच आणखी एक एन्झाइम) ३१०, एएमए (मायटोकॉन्ड्रियाविरुद्धचं प्रतिपिंड) १:१६० पॉझिटिव्ह.

(एएलटीची वरची मर्यादा ४०, एएलपीची १२० धरली आहे.)

क्रमिक पुस्तकात दोन्हींसाठी एकच वाक्य आहे : 'प्रतिकारयंत्रणेच्या क्रियेमुळे पित्तप्रवाह मंदावतो.' एवढ्यावर मुलांचं समाधान होत नाही, आणि ते बरोबरच आहे. नळी मोकळी असताना पित्त अडतं कुठे? कारण एकच असेल तर एकात बिलिरुबिन आणि दुसऱ्यात एएलपी का चढतं? आणि दोष प्रतिकारयंत्रणेचा असेल तर स्टिरॉइड देऊन प्रश्न का सुटत नाही? पेशीच्या पातळीवर नेमकं काय होतं ते हवं आहे.

---

उत्तर : यकृतकक्ष

आधी जागा ठरवा, मग कारण. पित्त दोन टप्प्यांत तयार होतं आणि तुमचे दोन रिपोर्ट दोन वेगवेगळ्या टप्प्यांवरचे आहेत.

पहिला टप्पा यकृतपेशीचा. या पेशीची एक बाजू रक्ताकडे असते. दुसऱ्या बाजूला शेजारच्या पेशीला लागून एक सूक्ष्म फट असते, ती कॅनालिक्युलस. रक्ताकडच्या बाजूचा एनटीसीपी हा वाहक पित्ताम्लं आत ओढतो. कॅनालिक्युलसच्या बाजूला तीन महत्त्वाचे पंप आहेत : बीएसईपी पित्ताम्लं बाहेर टाकतो, एमआरपी२ ग्लुक्युरोनिक आम्ल जोडलेलं बिलिरुबिन बाहेर टाकतो आणि एमडीआर३ फॉस्फोलिपिड पुरवतो. पित्ताम्लं कॅनालिक्युलसमध्ये पडली की त्यांच्या मागोमाग पाणी येतं. म्हणजे प्रवाहाला जोर देणारं हृदयासारखं काही इथे नाही, पंप चालू आहेत म्हणून प्रवाह आहे.

दुसरा टप्पा नलिकांचा. त्यांच्या अस्तरपेशी, कोलँजिओसाइट, पित्तात पाणी आणि बायकार्बोनेट मिसळतात. बायकार्बोनेट बाहेर सोडणाऱ्या वाहकाचं नाव एई२.

रिपोर्ट क पहिल्या टप्प्यावरचा. जिवाणूंचं एंडोटॉक्सिन (त्यांच्या आवरणातलं विष) रक्तातून यकृतात येतं. तिथे सायनुसॉइड या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसलेल्या कुप्फर पेशी (शरीरातल्या ऊतीनिवासी मॅक्रोफेज, म्हणजे भक्षकपेशी, यांपैकी बहुसंख्य याच) टीएलआर४ या ग्राहकाने ते ओळखतात आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-६ हे दाहाचे संदेश सोडतात. शेजारच्या यकृतपेशीवर त्याचे दोन परिणाम होतात. काही तासांतच एमआरपी२ आणि बीएसईपी कॅनालिक्युलसच्या पटलावरून आत ओढले जातात. पंप शाबूत असतात, पण पटलाखालच्या पुटिकांमध्ये पडून राहतात. त्याच वेळी केंद्रकात आरएक्सआर-अल्फासारख्या ग्राहकांचं काम थंडावतं आणि नवे वाहक बनणं कमी होतं. एनटीसीपीसुद्धा घटतो, म्हणून पेशी रक्तातली पित्ताम्लंही पूर्वीसारखी उचलत नाही.

बिलिरुबिनला मात्र ग्लुक्युरोनिक आम्ल जोडणं बऱ्यापैकी चालूच राहतं. तयार माल पुढच्या दाराने जात नाही म्हटल्यावर एमआरपी३ सारख्या वाहकांतून रक्ताकडे परत जातो. तुमच्या रिपोर्टमधलं डायरेक्ट ६.१ ते हेच. पेशी मोठ्या प्रमाणात मेलेल्या नाहीत, म्हणून एएलटी फारसं वर नाही. सेप्सिसमध्ये (शरीरभर परिणाम करणाऱ्या गंभीर संसर्गात) बिलिरुबिन साधारण २ ते १० आणि एएलपी मर्यादेच्या दुप्पट-तिपटीच्या आत, हे नेहमीचं चित्र. कधी कधी ब्लड कल्चर पॉझिटिव्ह येण्याआधी कावीळच दिसते, म्हणून आयसीयूत अशी कावीळ दिसली की आधी संसर्गाचा शोध घ्यावा.

रिपोर्ट ख दुसऱ्या टप्प्यावरचा. हा प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस, पीबीसी. (२०१५ पर्यंत नावात 'सिऱ्होसिस' होतं. बहुतेक रुग्णांना निदानाच्या वेळी सिऱ्होसिस नसतो, म्हणून ते बदललं.) इथे टी-पेशी लहान पित्तनलिकांच्या अस्तरावर हल्ला करतात. नलिका एकाच वेळी सगळीकडे जात नाहीत, इथे एक, तिथे एक अशा जातात. उरलेल्या नलिका बिलिरुबिनचा भार बराच काळ सहज पेलतात. पण ज्या भागात पित्त साचलं तिथली पित्ताम्लं यकृतपेशींना एएलपी जास्त बनवायला लावतात आणि ते रक्तात उतरतं. म्हणून बिलिरुबिन ०.९ आणि एएलपी साडेतीन पट. पीबीसीत बिलिरुबिन चढू लागलं तर आजार बराच पुढे गेला असं समजावं.

मुलांकडून 'आर' गुणोत्तर काढून घ्या : एएलटी त्याच्या मर्यादेच्या किती पट, भागिले एएलपी त्याच्या मर्यादेच्या किती पट. २ किंवा कमी म्हणजे पित्तप्रवाहाचा दोष, ५ किंवा जास्त म्हणजे यकृतपेशींची इजा. रिपोर्ट क : १.६ भागिले १.५, सुमारे १.१. रिपोर्ट ख : १.४५ भागिले ३.५, सुमारे ०.४. दोन्ही एकाच रकान्यात बसतात. पुढचा फरक या आकड्याने कळत नाही, एवढंही सांगा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नलिकेच्या आतच आहे. अस्तरपेशी सोडत असलेल्या बायकार्बोनेटचा त्यांच्या पृष्ठभागावर एक अल्कधर्मी थर बनतो, त्याला बायकार्बोनेटची छत्री म्हणतात. त्या थरात पित्ताम्लं विद्युतभारित राहतात आणि पटल ओलांडू शकत नाहीत. पीबीसीत एई२ कमी असतो. थर पातळ झाला, सामू (पीएच) उतरला की ग्लायसीन जोडलेली पित्ताम्लं भार गमावतात, पेशीत शिरतात आणि पेशी मरू लागते. आता गंमत बघा, एएमए ज्या प्रथिनाविरुद्ध असतं ते पीडीसी-ई२ शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात असतं. पण इतर पेशी मरताना त्यावर ग्लुटाथिऑन चढतं आणि त्याची ओळख पुसली जाते. कोलँजिओसाइट मरते तेव्हा ते जसंच्या तसं बाहेर येतं, आणि प्रतिकारयंत्रणेला पुन्हा नवं लक्ष्य मिळतं. टी-पेशी दाबल्या तरी छत्री फाटलेलीच राहते, पित्ताम्लं पेशी मारत राहतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत होते.

याचा ढळढळीत पुरावा प्रत्यारोपणानंतर मिळतो. रुग्ण प्रतिकारयंत्रणा दाबणारी टॅक्रोलिमससारखी औषधं रोज घेत असतो, तरीही बऱ्याच जणांच्या नव्या यकृतात पीबीसी परत येतो.

---

उत्तर : पट्टीआणिस्लाइड

यकृतकक्ष यांनी यंत्रणा मांडली आहेच. मी प्रयोगशाळेच्या बाजूने लिहितो, कारण डीएमएलटीच्या मुलांच्या हातात तेच येणार आहे.

एएमए उंदराच्या मूत्रपिंड-जठर-यकृत छेदावर इम्युनोफ्लुरोसन्सने वाचताना सर्वात जास्त गल्लत होते ती एलकेएम-१ शी, म्हणजे ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्ये (प्रतिकारयंत्रणा यकृतपेशींवरच हल्ला करते तो आजार) सापडणाऱ्या प्रतिपिंडाशी. दोन्हींत मूत्रपिंडाच्या नलिका चमकतात. एएमएमध्ये डिस्टल नलिका जास्त उजळतात आणि जठराच्या पराएटल पेशीही उजळतात. एलकेएम-१ मध्ये प्रॉक्सिमल नलिका आणि यकृतपेशी उजळतात, जठर काळंच राहतं. म्हणून मूत्रपिंड बघून थांबू नका, डोळा जठराच्या छेदावर न्या. ही चूक झाली तर पीबीसीच्या रुग्णावर ऑटोइम्यून हिपॅटायटिसचा शिक्का बसतो आणि स्टिरॉइड सुरू होतात.

सुमारे ५ ते १० टक्के पीबीसी रुग्णांत एएमए निगेटिव्ह येतं. तिथे एचईपी-२ पेशींवरची एएनए (केंद्रकाविरुद्धच्या प्रतिपिंडांची) स्लाइड नीट बघा. केंद्रकाच्या कडेने ठिपक्यांची किनार म्हणजे जीपी२१०, केंद्रकात विखुरलेले अनेक ठळक ठिपके म्हणजे एसपी१००. रिपोर्टवर नुसतं 'एएनए पॉझिटिव्ह' लिहून पाठवलं तर ही माहिती वाया जाते. नमुना कसा दिसला तो शब्दांत लिहा.

निदानासाठी तीनपैकी दोन गोष्टी लागतात : टिकून राहिलेलं वाढीव एएलपी, एएमए १:४० किंवा जास्त, आणि बायोप्सीत लहान नलिकांचा विशिष्ट दाह. रिपोर्ट ख मध्ये दोन आहेत, बायोप्सीची गरज नाही. एएमएचा टायटर (सीरम किती पातळ केलं तरी चाचणी पॉझिटिव्ह येते तो आकडा) आजाराची तीव्रता सांगत नाही, दर सहा महिन्यांनी तो पुन्हा करण्यात रुग्णाचे पैसे जातात.

नमुन्याच्या चुका :

ईडीटीएच्या जांभळ्या नळीतलं रक्त बायोकेमिस्ट्रीच्या नळीत ओतलं तर एएलपी खोटं कमी येतं. ईडीटीए या एन्झाइमला लागणारं झिंक आणि मॅग्नेशियम धरून ठेवतं. त्याच नमुन्यात कॅल्शियम फार कमी आणि पोटॅशियम फार जास्त दिसलं की चोर सापडला. खिडकीच्या उजेडात राहिलेल्या नमुन्यात बिलिरुबिन उतरतं. आणि एएलपी एकटंच वाढलेलं असेल तर ते हाडातलं नाही ना, हे जीजीटीवरून तपासा. रिपोर्ट ख मध्ये जीजीटी ३१० दिलंत ते फार बरं केलंत.

---

तासिका_डीएमएलटी

दोघांचेही आभार. जठराच्या छेदाचा मुद्दा उद्याच घेते. मग स्टिरॉइडला दाद देणारा पित्तप्रवाहाचा आजारच नाही का? आणि पीबीसीत नेमकं काय दिलं जातं? मुलं औषधांच्या चिठ्ठ्या बघतात, त्यांना संदर्भ कळायला हवा.

---

उत्तर : मात्रा_आणि_वेळ

दाद देणारे आहेत, म्हणून तर वेगळे ओळखायला हवेत.

आयजीजी४-संबंधित कोलँजायटिस हा पहिला. बहुधा उतारवयातले पुरुष, कावीळ, मोठ्या नलिका अरुंद, बऱ्याचदा सोबत स्वादुपिंड सुजलेलं. एमआरसीपीवर (पित्तनलिकांच्या एमआरआयवर) कर्करोगासारखं किंवा पीएससीसारखं (प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस, यात नलिका व्रणांनी अरुंद होतात) दिसतं. सीरम आयजीजी४ वाढलेलं असतं (१३५ मिग्रॅ प्रति डेसिलिटर ही रूढ मर्यादा), पण इतर आजारांतही ते थोडं वाढतं, त्यामुळे एकट्या आकड्यावर निदान नको. प्रेडनिसोलोन ०.६ मिग्रॅ प्रति किलो रोज, २ ते ४ आठवडे, मग हळूहळू उतरवत. इथे दाहपेशींची गर्दी आणि तंतू हेच नळी दाबतात, म्हणून दाह उतरला की नळी उघडते. सुरू करण्याआधी कर्करोग वगळायचा, हिपॅटायटिस बीसाठी एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी बघायचं आणि क्षयाची शंका मिटवायची. आपल्याकडे यातलं एकही टाळून चालत नाही.

दुसरा, पीबीसीसोबत ऑटोइम्यून हिपॅटायटिस. तीनपैकी दोन खुणा लागतात : एएलटी मर्यादेच्या ५ पट, आयजीजी दुप्पट किंवा एएसएमए (मऊ स्नायूंविरुद्धचं प्रतिपिंड) पॉझिटिव्ह, आणि बायोप्सीत इंटरफेस हिपॅटायटिस (पोर्टल भागाच्या कडेच्या यकृतपेशींचा दाह). रिपोर्ट ख मध्ये एएलटी ५८ आहे, म्हणजे या बाईंना स्टिरॉइडचं काही कारण नाही. उलट पीबीसीत हाडं आधीच ठिसूळ होतात, त्यात स्टिरॉइडची भर पडते.

पीबीसीचं पहिलं औषध अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल (अर्सो), १३ ते १५ मिग्रॅ प्रति किलो रोज. ६० किलोच्या बाईला ७८० ते ९०० मिग्रॅ, म्हणजे ३०० च्या ३ गोळ्या. चिठ्ठीवर सर्रास '३०० दिवसातून दोनदा' दिसतं. ते १० मिग्रॅ प्रति किलो होतं, आणि वर्षभराने 'औषध लागू पडलं नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. निष्कर्ष काढण्याआधी वजन करा आणि गोळ्या मोजा. हे पित्ताम्ल इतरांपेक्षा कमी विषारी आहे, ते नलिकेत बायकार्बोनेट वाढवतं आणि यकृतपेशीत पुटिकांमध्ये पडलेले पंप पटलावर आणायला मदत करतं. यकृतकक्ष यांनी सांगितलेल्या दोन्ही जागांवर ते काम करतं. १२ महिन्यांनी हिशेब : एएलपी आणि एएसटी (एएलटीसारखंच एन्झाइम) दोन्ही मर्यादेच्या दीडपटीच्या आत, बिलिरुबिन सामान्य. औषध जन्मभर.

तेवढ्याने भागलं नाही तर फायब्रेट (एरवी रक्तातली चरबी कमी करायला देतात ते औषध). बेझाफायब्रेट रोज ४०० मिग्रॅ अर्सोसोबत दिल्याचा फायदा फ्रान्समधल्या चाचणीत दिसला, ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. क्रिएटिनिन आणि स्नायूदुखीवर लक्ष ठेवायचं, जलोदर झालेल्या रुग्णात देऊ नये. अमेरिकेत २०२४ मध्ये एलाफिब्रॅनोर आणि सेलाडेल्पार यांना परवानगी मिळाली. ओबेटिकोलिक आम्लाबद्दल जुन्या नोट्समध्ये फार उत्साहाने लिहिलेलं सापडेल. पुढे गेलेल्या सिऱ्होसिसमध्ये त्याने यकृत निकामी झाल्याच्या घटना घडल्या आणि युरोपच्या नियामकाने २०२४ मध्ये परवाना रद्द करण्याची शिफारस केली. नोट्स सुधारा.

पीबीसीत अझाथायोप्रिन, मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन, अगदी रिटक्सिमॅब आणि उस्टेकिनुमॅबपर्यंत प्रतिकारयंत्रणा दाबणारं सगळं वापरून झालं आहे. अपेक्षित फायदा दिसला नाही.

पीएससीचं थोडक्यात : बहुतेकांना आतड्याचा दाह सोबत असतो, म्हणून निदान होताच कोलोनोस्कोपी. अर्सो २८ ते ३० मिग्रॅ प्रति किलो इतकं दिल्यावर रुग्णांचं नुकसान झालं, हे २००९ च्या चाचणीत दिसलं. जास्त मात्रा म्हणजे जास्त फायदा, हा समज तिथे मोडला.

खाज. ही हिस्टामीनची खाज नाही, सेटिरिझिनने झोप येते, खाज जात नाही. कोलेस्टायरामिन ४ ग्रॅमची पुडी न्याहारीच्या आधी आणि एक नंतर, कारण रात्रभर पित्ताशयात साठलेलं पित्त न्याहारीच्या वेळी आतड्यात उतरतं. अर्सो आणि या पुडीत ४ तासांचं अंतर हवंच, नाहीतर पुडी अर्सोलाच बांधून बाहेर नेते. त्याने भागलं नाही तर रिफाम्पिसिन १५० ते ३०० मिग्रॅ दिवसातून दोनदा. भारतात हे देण्याआधी क्षय नाही याची खात्री करा. न ओळखलेल्या सक्रिय क्षयाच्या रुग्णाला नुसतं रिफाम्पिसिन देणं म्हणजे प्रतिरोधाला आमंत्रण. यकृताच्या तपासण्या ६ आणि १२ आठवड्यांनी.

---

उत्तर : यकृतकक्ष

एक भर घालतो. आतापर्यंतच्या चर्चेवरून असं वाटेल की प्रतिकारयंत्रणा आधी आणि पित्त नंतर. उलट दिशाही तितकीच खरी आहे. साचलेली पित्ताम्लं साबणासारखी पटल विरघळवून यकृतपेशी मारतात, असं पूर्वी शिकवत. येल विद्यापीठातल्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं की प्रत्यक्ष रुग्णांत आढळते तेवढ्या पातळीला पित्ताम्लं यकृतपेशीच्या मायटोकॉन्ड्रियाला इजा करतात, त्यातून सुटलेला डीएनए टीएलआर९ या ग्राहकाला जागं करतो, आणि पेशी स्वतःच सीसीएल२, सीएक्ससीएल२ हे संदेश सोडून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी बोलावते. खरी नासधूस त्या करतात. शिवाय आतड्यात पित्त पोचलं नाही की तिथले जिवाणू माजतात, आतड्याचा अडसर सैल होतो आणि पोर्टल शिरेतून यकृताकडे येणारं एंडोटॉक्सिन वाढतं. म्हणजे पुन्हा कुप्फर पेशी, पुन्हा तीच साखळी. म्हणूनच आयसीयूत शक्य असेल तर नळीने पोटातून अन्न देण्याचा आग्रह असतो. पित्त स्रवतं राहतं, आतडं शाबूत राहतं.

आणि रिपोर्ट क बद्दल एक ताकीद. ताप आणि कावीळ एकत्र असताना पहिली सोनोग्राफी साफ आहे म्हणून खड्याचा अडथळा नाही असं धरू नका. अडथळा नवा असेल तर नलिका फुगायला वेळ लागतो. मुख्य नलिका ६ मिमीच्या आत असली तरी पोटात दुखत असेल किंवा एएलटी अचानक उसळलं असेल तर सोनोग्राफी पुन्हा करा किंवा एमआरसीपी. सेप्सिसमधल्या कावीळीला प्रतिजैविकं आणि पू काढून टाकणं पुरतं. अडलेल्या नळीतल्या पुवाला ईआरसीपी (एंडोस्कोपने नळी मोकळी करणं) लागते, आणि तिथे तास मोजले जातात.

औषधांची यादीही विचारा. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेटने येणारी कावीळ कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनी उगवते, म्हणून रुग्णाला ती औषधाशी जोडता येत नाही. यातही प्रतिकारयंत्रणाच आहे, विशिष्ट एचएलए (प्रतिकारयंत्रणेची ओळखखूण ठरवणारी जनुकं) प्रकारांच्या लोकांत हे जास्त होतं. आणि गुळवेल. कोविडच्या काळात प्रतिकारशक्ती वाढवायला म्हणून घेतलेल्या गुळवेलीनंतर ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखी इजा झालेले ६ रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. ज्याचं यकृत आधीच स्वतःच्या प्रतिकारयंत्रणेशी झगडत आहे, त्याने असले काढे घेऊ नयेत, हे स्पष्ट शब्दांत सांगावं.

---

तासिका_डीएमएलटी

शेवटची शंका. रिपोर्ट क चा पुढचा भाग मी असा लिहिला आहे : दहाव्या दिवशी ताप नाही, सीआरपी (दाह असला की वाढणारं प्रथिन) उतरलं, लघवीत बिलिरुबिन निगेटिव्ह, पण रक्तात डायरेक्ट अजून ३.९. मुलं म्हणतील रिपोर्ट चुकला.

---

उत्तर : पट्टीआणिस्लाइड

चुकलेला नाही, अगदी नेमका आहे. डायरेक्ट बिलिरुबिन बरेच दिवस रक्तात राहिलं की त्यातलं काही अल्ब्युमिनला सहसंयुज बंधाने पक्कं चिकटतं. त्याला डेल्टा बिलिरुबिन म्हणतात. डायझो पद्धतीत (बिलिरुबिन मोजण्याची नेहमीची रासायनिक पद्धत) ते डायरेक्टमध्येच मोजलं जातं. अल्ब्युमिनला जोडलेलं असल्यामुळे ते मूत्रपिंडातून गाळलं जात नाही, म्हणून लघवी निगेटिव्ह. आणि त्याचं अर्धायुष्य अल्ब्युमिनएवढं, सुमारे दोन ते तीन आठवडे, तर साध्या जोडलेल्या बिलिरुबिनचं काही तासांचं. पंप परत सुरू झाले तरी डोळे पिवळे राहतात ते यामुळे.

वर्गात हे दाखवायचं असेल तर तीन ओळी एकाखाली एक लिहा : रक्तातलं डायरेक्ट, लघवीतलं बिलिरुबिन, एएलपी. पहिली ओळ सावकाश उतरते, दुसरी आधीच शून्य होते. लघवी निगेटिव्ह असून डायरेक्ट सावकाश उतरत असेल तर पुन्हा एमआरसीपीला पाठवायची घाई नको. डायरेक्ट पुन्हा चढू लागलं आणि लघवीही परत पॉझिटिव्ह झाली, तर नवा संसर्ग किंवा अडथळा शोधा. लघवीचा नमुना मात्र ताजा आणि झाकलेला हवा. उजेडात तासभर राहिलेल्या नमुन्यात बिलिरुबिनचं बिलिव्हर्डिन होतं आणि पट्टी खोटी निगेटिव्ह येते.